मूळ आज्ञावली अबाधित ठेवून पर्याय-सूचीचा विस्तार : एक ऐतिहासिक अभ्यास (रिसोड बाजारपेठेच्या संदर्भात)

प्रस्तावना

रिसोड हे वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून सोयाबीन व तूर ही या परिसरातील महत्त्वाची पिके आहेत. बाजार समितीच्या आवारात शेतमालाचा लिलाव व वजन झाल्यानंतर शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते. वजन, दर, एकूण रक्कम, हमाली, तोलाई आणि निव्वळ देय रक्कम यांचा तपशील देणारा हा लहानसा कागद शेतकऱ्याच्या हंगामभराच्या श्रमाचा लेखी पुरावा होय. अडत दुकानातील रोजकीर्द व खतावणी संगणकावर येऊ लागली तेव्हा एक प्रश्न उभा राहिला. संपूर्ण देशासाठी एकाच साच्यात तयार झालेल्या हिशेबप्रणालीत ही स्थानिक पट्टी कोठे बसवावयाची? मूळ आज्ञावली न बदलता तिच्या पर्याय-सूचीत म्हणजे मेनूत स्वतःचा पर्याय जोडणे, हे या प्रश्नाला मिळालेले एक उत्तर होय. या उत्तराचा इतिहास व त्याच्या मर्यादा तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

वऱ्हाडातील पूर्वपरंपरा

सर्वांसाठी एक नियम आणि त्यात स्थानिक गरजेला जागा, ही कल्पना वऱ्हाडाला नवी नाही. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये देशातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ स्थापन झाली. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा अस्तित्वात आला आणि तो अन्य प्रांतांतील बाजारविषयक कायद्यांना मार्गदर्शक ठरला. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रात १९६३ चा कृषी उत्पन्न खरेदी-विक्रीविषयक अधिनियम व १९६७ चे नियम लागू झाले. अधिनियम राज्यासाठी एकच. परंतु प्रत्येक बाजार समितीला त्याच्या चौकटीत राहून स्वतःचे उपविधी करता येतात. उपविधी जोडले म्हणून अधिनियमाचा मजकूर बदलत नाही आणि अधिनियमात सुधारणा झाली म्हणून सुसंगत उपविधी आपोआप नष्ट होत नाहीत. संगणकशास्त्राने हाच विचार निराळ्या भाषेत मांडला, असे म्हणता येईल.

सॅप प्रणालीतील राखीव जागा

जर्मनीत १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच अभियंत्यांनी सॅप या कंपनीची स्थापना केली. प्रत्येक कारखान्यासाठी स्वतंत्र आज्ञावली लिहिण्याऐवजी सर्वांना उपयोगी पडेल अशी प्रमाणित प्रणाली तयार करणे, हे त्यांचे ध्येय होते. १९७९ मध्ये आर/२ व १९९२ मध्ये आर/३ या आवृत्त्या बाजारात आल्या. तथापि कोणत्याही दोन उद्योगांचा व्यवहार तंतोतंत सारखा नसतो. ग्राहकाने मूळ आज्ञावलीतच फेरफार केला, तर नवी आवृत्ती बसविताना त्याचा प्रत्येक बदल पुन्हा तपासून जुळवावा लागे. हे काम वेळखाऊ व खर्चिक होते.

यावर आर/३ मध्ये 'एक्झिट' या नावाने नियोजनबद्ध सोय करण्यात आली. मेनू एक्झिट हा तिचा एक प्रकार होय. प्रणालीच्या रचनाकारांनी काही मेनूंत अधिक चिन्हाने सुरू होणारे संकेत आधीच राखून ठेवले होते. ग्राहकाने तेथे आपले शीर्षक द्यावयाचे, त्यामागील कृती स्वतंत्र भागात लिहावयाची आणि ती जोडणी कार्यान्वित करावयाची. तोपर्यंत तो पर्याय पडद्यावर दिसत नाही. नवी आवृत्ती आली तरी ग्राहकाचा हा भाग पुसला जात नाही. मात्र जागा कोठे ठेवावयाची हे निर्माताच ठरवितो. जेथे त्याने दार ठेवले नाही, तेथे ग्राहकाला या मार्गाने प्रवेश नाही.

टॅली व भारतीय दुकानदार

सॅप ही मोठ्या उद्योगांची प्रणाली. तालुक्याच्या बाजारपेठेत परिचय झाला तो टॅलीचा. श्यामसुंदर गोएंका व त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी १९८६ मध्ये बंगळूर येथे सुरू केलेल्या पेउट्रॉनिक्स या कंपनीतून ती विकसित झाली. या प्रणालीसाठी टीडीएल ही व्याख्यांवर आधारलेली भाषा उपलब्ध आहे. साध्या मजकुराच्या धारिकेत, अस्तित्वात असलेल्या मेनूच्या नावाआधी हॅश चिन्ह देऊन त्यात नवा पर्याय जोडण्याची सूचना लिहिता येते. टॅली सुरू होताना ही धारिका मूळ व्याख्यांवर चढविली जाते आणि 'गेटवे ऑफ टॅली' या मुख्य सूचीत 'हिशेबपट्टी' असा पर्यायही दिसू शकतो. धारिका काढून टाकली की सूची पूर्ववत होते.

महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर आणि देशात १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. अशा वेळी व्यापाऱ्याला प्रणालीची सुधारित आवृत्ती घेणे अपरिहार्य असते. स्थानिक भर वेगळी ठेवलेली असेल, तर नवी आवृत्ती घेऊन तीच धारिका तपासून पुन्हा जोडता येते. स्थानिक सोय व कायद्याचे पालन यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ त्यामुळे सहसा येत नाही.

मर्यादा

येथेच उपविधी व संगणकीय भर यांतील महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. उपविधी लिखित असतात, त्यांना वरिष्ठांची मंजुरी लागते आणि ते कोणालाही वाचता येतात. अडत दुकानातील धारिका मात्र तयार करणाऱ्या तंत्रज्ञाखेरीज क्वचितच कोणी वाचतो. हमाली कोणत्या वजनावर आकारली, पूर्णांक कोणाच्या बाजूने केला, हे त्या धारिकेतच ठरते. शिवाय स्थानिक भर अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी मूळ निर्मात्याची नसते. २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले. अशा निर्णयानंतर स्थानिक पट्टीत बदल करण्याचे काम ज्याने ती जोडली त्यालाच करावे लागते. तंत्रज्ञ गाव सोडून गेला आणि नोंद मागे राहिली नाही, तर जुनीच वजावट नव्या कागदावर छापली जाण्याचा धोका असतो व त्याचा भार शेतकऱ्यावर पडतो.

निष्कर्ष

१. मूळ प्रणाली अबाधित ठेवून विस्तार करण्याच्या पद्धतीमुळे प्रमाणित आज्ञावली व स्थानिक व्यवहार एकत्र नांदू शकले.

२. सॅपमध्ये मेनू एक्झिटची जागा निर्मात्याने आधी ठरविलेली असते. टॅलीच्या टीडीएलमध्ये वापरकर्त्याला तुलनेने अधिक मोकळीक आहे.

३. ही मोकळीक उत्तरदायित्वाशिवाय अपुरी ठरते. जोडलेल्या प्रत्येक पर्यायाची लेखी नोंद, त्यातील हिशेबाचे सूत्र व शेवटच्या बदलाचा दिनांक दुकानात उपलब्ध असावा.

४. महाविद्यालयांच्या वाणिज्य व संगणकशास्त्र विभागांनी परिसरातील बाजारपेठेत अशा नोंदी तयार करण्याचे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून हाती घ्यावे. कारंज्याच्या बाजारपेठेपासून या प्रदेशात नियमांना लिखित रूप देण्याची परंपरा आहे. संगणकाच्या आत लिहिले जाणारे नियम तिला अपवाद ठरू नयेत.