काल्पनिक घराचा आराखडा

इंटिरियर डिझाइनच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना काल्पनिक घर, अर्थात ‘कन्सेप्ट हाऊस’ रचण्यास सांगितले जाते. अशा घरात चमत्कृतींपेक्षा एका मूळ विचाराला महत्त्व असते. ब्रिटिश वास्तुविशारद दाम्पत्य ॲलिसन व पीटर स्मिथसन यांनी १९५६ मध्ये लंडनच्या ‘आयडियल होम’ प्रदर्शनात मांडलेले ‘हाऊस ऑफ द फ्यूचर’ हे याचे उत्तम उदाहरण होय. २५ वर्षांनंतरच्या जोडप्यासाठी कल्पिलेल्या या घराच्या बाहेरील भिंतींना खिडक्या नव्हत्या. वाड्यातील चौकाप्रमाणे मधल्या बागेतून उजेड येई. भिंती, छत व कपाटे गोलाकार कडांनी एकमेकांत मिसळलेली होती. प्लॅस्टिकचे भासणारे हे घर प्रत्यक्षात प्लायवूड व प्लॅस्टरचे होते. साहित्य पुढे बदलता येते. मात्र उजेड कोठून येणार आणि माणसे कशी वावरणार, हे आराखड्यात प्रथम ठरले पाहिजे.