बिनबियांचा गांजा ही जात नव्हे

बिनबियांचा गांजा ही कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनी १९७० च्या दशकात संकरातून काढलेली जात, असं हल्ली बिनदिक्कत लिहिलं जातं. आपल्याकडचा गांजा मात्र रानटी, बियांनी भरलेला, असंही त्याला जोडून येतं. दोन्ही विधानं चुकीची आहेत.

पुरावा वऱ्हाडातल्या चिखलदऱ्याहून फार लांब नाही. मेळघाटचे डोंगर आणि तापी ओलांडली की निमाड लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्य प्रांतातली परवान्याची गांजाशेती त्याच निमाडात, खंडवा तहसिलीत होती. मुंबई इलाख्यात ती मुख्यतः नगर आणि साताऱ्याकडे. १८९३ साली नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने हजारावर साक्षी घेतल्या, आणि शेतातली नर झाडं उपटून टाकण्याची रीत त्याच्या अहवालात तपशिलाने नोंदली आहे. बंगालात नौगावला तर या कामाचा खास जाणकार असे, पोद्दार. तो सरीसरीने फिरे, फूल उमलण्याआधीच नर ओळखे आणि काढून टाकी. एखादा नर नजरेतून सुटला तर त्याचे पराग वाऱ्यावर शेतभर जात आणि कणसांत बी धरे.

गांजा ज्यावर येतो त्या भांगेत नर आणि मादी झाडं सहसा वेगवेगळी. मादीला पराग मिळाला की झाडाची ताकद बी भरण्यात जाते. नाही मिळाला, तर फुलं येत राहतात, तुरा दाटतो, राळ वाढते. नर पपई ओळखणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणजे एकाच पिशवीतलं बी नरांसोबत वाढलं तर बियाळ, नरांवाचून वाढलं तर बिनबियांचं. जो गुण शेजारच्या झाडावर ठरतो, त्याला जात कसं म्हणायचं?

पैदाशीचं काम खोटं नाही. राळ किती, फुलोरा कधी, हे निवडीने बदलतं. त्यात कॅलिफोर्नियाचा वाटा मोठा आहे. मुळातच फारसं बी न धरणारी त्रिगुणित वाणंही अलीकडे निघाली आहेत. पण याही कामाचं श्रेय एकट्या कॅलिफोर्नियाचं नाही: मादी झाडावर चांदीची संयुगं वापरून नर फुलं आणण्याचा प्रयोग दिल्ली विद्यापीठातल्या मोहन राम आणि सहकाऱ्याने १९८२ सालीच प्रसिद्ध केला होता. अशा परागातून मादी झाडांचंच बी मिळतं. आजचा गांजाचा बियाणेधंदा बराचसा याच तत्त्वावर उभा आहे.

विनापरवाना लागवड आज गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच राहावा की नाही हा इथला प्रश्न नाही. प्रश्न श्रेयाचा आहे. बिनबियांच्या गांजाचं श्रेय कॅलिफोर्नियाला देणाऱ्यांनी आधी हेम्प ड्रग्ज कमिशनचा १८९४ चा अहवाल उघडावा.