भाताविना सुशी : एका जपानी गुंडाळीची गोष्ट

आज आपण बोलणार आहोत सुशीबद्दल. व्हिनेगर घातलेला आंबूस भात, मधे काकडी, गाजर किंवा मासा, आणि बाहेरून समुद्री शेवाळाचा काळपट हिरवा पापुद्रा. घट्ट गुंडाळायचं आणि सुरीनं तुकडे पाडायचे. सुरळीची वडी आणि अळूवडी करणाऱ्या बायांना गुंडाळी काय असते ते वेगळं सांगायला नको. शहरातल्या हॉटेलांत सुशी आता सहज मिळते, आणि मोबाइलवर तिचा एक नवा प्रकार फिरतो आहे. भात काढून टाकायचा आणि त्याच्या जागी किसलेला फ्लॉवर भरायचा. साखरेचा आजार असलेल्यांसाठी, वजन कमी करणाऱ्यांसाठी. आमच्या गटाच्या बैठकीत ते पाहून सगळ्यांचा एकच प्रश्न होता : अहो, भातच काढला तर सुशीत उरलं काय?

प्रश्न रास्त आहे. पण सुशीचा इतिहास पाहिला तर भात त्यात कायम सारख्या मानानं नव्हताच. कधी तो फेकून दिला गेला, कधी तो परवडला नाही, कधी तो सरकारनं मोजून दिला.

सुरुवात मासा टिकवण्यापासून झाली. आग्नेय आशियातल्या भातशेतीच्या मुलखात, मेकाँग नदीच्या बाजूला, ही रीत निघाली असावी असं अभ्यासक मानतात. मासा मिठात मुरवायचा, मग शिजवलेल्या भातात दाबून महिनोन्‌महिने ठेवायचा. भात आंबतो, त्या आंबटपणानं मासा टिकतो. आपण कैरी मिठात मुरवतो, तशीच ही युक्ती. खायची वेळ आली की मासा घ्यायचा आणि लगदा झालेला भात टाकून द्यायचा. जपानमध्ये बिवा नावाच्या मोठ्या तळ्याकाठी 'फुनाझुशी' हा प्रकार अजून करतात, तो याच घराण्यातला. आठव्या शतकातल्या जपानी कायद्यात तर अशी आंबवलेली मासळी कर म्हणून भरायच्या वस्तूंत नोंदलेली आहे. म्हणजे पहिल्या सुशीत भात होता, पण तो आंबवण्यापुरता, खाण्यासाठी नव्हे.

पुढं लोकांना एवढा वेळ थांबवेना, आणि भात टाकून द्यायलाही जीव होईना. मासा थोडाच मुरवून तो भातासकट खाऊ लागले. नंतर भात आंबण्याची वाट न बघता त्यात सरळ व्हिनेगर घालायला लागले. १८०४ साली हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन नावाच्या मद्य बनवणाऱ्यानं मद्याच्या चोथ्यापासून व्हिनेगर करायला घेतलं. टाकाऊ चोथ्यातून चालता धंदा उभा राहिला. ते व्हिनेगर एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला जाऊ लागलं. तिथं १८२० च्या दशकात हानाया योहेई यानं हातानं दाबलेल्या भाताच्या मुटक्यावर मासा ठेवून विकायला सुरुवात केली, असं मानतात. गाडीवर उभ्या उभ्या खायचा, आपल्या वडापावसारखा. आजचा महागडा पदार्थ मुळात कामकरी माणसाच्या घाईचा होता.

आता भाताचा दुसरा चेहरा बघू. त्या काळच्या जपानमध्ये तांदूळ म्हणजे पैसा. सरदाराची जहागीर तांदळाच्या मापात मोजली जाई, शेतकऱ्याचा सारा तांदळात जाई. पिकवणाऱ्याच्या घरात मात्र बार्ली, राळ्यासारखी भरड धान्यं, मुळा, कंदमुळं मिसळून पोट भरलं जाई. आपल्याकडंही तांदूळ पिकवून स्वतः नाचणी खाणारी घरं फार लांबच्या काळातली नाहीत.

मग सणावाराला सुशी करायची तर काय करायचं? शिकोकू बेटावर एहिमे प्रांतात बायांनी वाट काढली. सोयाबीन भिजवून, वाटून, त्याचं दूध काढलं की मागे चोथा उरतो. त्याला तिथं 'ओकारा' म्हणतात. उवाजिमा भागात हा चोथा परतून, व्हिनेगर आणि साखर घालून त्याचे गोळे करतात आणि त्यावर मुरवलेला मासा गुंडाळतात. दिसायला थेट सुशी, आत तांदळाचा दाणा नाही. दुसरीकडं बकव्हीटच्या, म्हणजे आपण उपासाला खातो त्या कुट्टूच्या शेवया गुंडाळून सुशी केली गेली. कोची प्रांतातल्या डोंगरी गावांत उलट झालं. तिथं ताजा मासा पोहोचेना, म्हणून भातावर बांबूचा कोंब, अळंबी अशा भाज्या आल्या. ज्या वस्तूची वानवा, तिच्या जागी परसातलं काहीतरी. भाताविना सुशी ही आजच्या मोबाइलची कल्पना नव्हे, मैत्रिणींनो. ती गरजेतून आलेली जुनी रीत आहे.

या गुंडाळीत आपल्या ओळखीचं एक फळही आहे. सुशीत तपकिरी, गोडसर पट्ट्या असतात, त्यांना 'कानप्यो' म्हणतात. ते काय, तर भोपळ्याच्या गराच्या लांब फिती काढून वाळवलेल्या. आपल्या दुधी भोपळ्याच्याच जातीचं ते गोल फळ. जपानमधला बहुतेक सगळा कानप्यो तोचिगी प्रांतात होतो आणि तिथं ही लागवड १७१२ साली आली असं सांगतात. आपल्या दुधीला बाजारात भाव पडतो तेव्हा ही गोष्ट आठवावी.

पांढऱ्याशुभ्र भाताचा एक धडाही जपाननं महाग किंमत देऊन घेतला. एदो शहरात सडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्यांचे पाय सुजायचे, बधिर व्हायचे. हा बेरीबेरी रोग, कोंड्यातलं जीवनसत्त्व ब-१ न मिळाल्यानं होणारा. १८८२–८३ च्या एका सफरीत नौदलाच्या जहाजावर ३७६ जणांपैकी १६९ जणांना तो झाला आणि २५ जण दगावले. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी खलाशांचं जेवण बदललं, पुढं त्यात बार्ली आणली, आणि रोग हटला. तांदूळ वाईट नव्हता. दुसरं काही न खाता नुसता पांढरा भात खाणं वाईट होतं.

आता त्या काळ्या पापुद्र्याकडं येऊ. त्याचं नाव नोरी. समुद्रातलं शेवाळ धुऊन, बारीक चिरून, हातकागदासारखं चौकटीवर पसरून वाळवतात. शेकडो वर्षं कोळी लोक समुद्रात काठ्या रोवून शेवाळ धरायची वाट बघत. पण त्याचं बी उन्हाळ्यात जातं कुठं, हे कुणाला माहीत नव्हतं. पीक येईल का जाईल, सगळं नशिबावर. दुसऱ्या महायुद्धानंतर तर हे पीक फार बसलं.

उत्तर सापडलं इंग्लंडमध्ये, एका बाईला. कॅथलीन ड्रू-बेकर यांचं नाव. मँचेस्टर विद्यापीठात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत. १९२८ साली लग्न झालं आणि नोकरी गेली, कारण लग्न झालेल्या बाईला नोकरीत ठेवायचं नाही असा तिथला नियम. त्यांनी बिनपगारी काम चालू ठेवलं. हे शेवाळ आयुष्याचा एक काळ शिंपल्यांच्या कवचात, गुलाबी धाग्यांच्या रूपात काढतं, हे त्यांनी शोधलं आणि १९४९ साली छापलं. जपानमधले शास्त्रज्ञ सोकिची सेगावा यांनी तो धागा पकडला. शिंपल्यांवर बी तयार करून जाळ्यांवर लावायची पद्धत बसली, आणि नोरी हे भरवशाचं पीक झालं. कॅथलीनबाई १९५७ साली गेल्या. जपान त्यांनी कधी पाहिलंही नाही. पण कुमामोतो प्रांतात उतो इथं कोळी लोकांनी १९६३ साली त्यांचं स्मारक उभारलं आणि दर १४ एप्रिलला तिथं त्यांची आठवण करतात. 'समुद्राची आई' म्हणतात त्यांना. बिनपगारी काम म्हणजे बिनमोलाचं काम नव्हे, हे आपल्या गटात सांगायला याहून चांगला दाखला आम्हाला सापडला नाही.

युद्धानंतरही जपानमध्ये रेशन चालूच होतं. १९४७ साली हॉटेलं बंद करायचा हुकूम निघाला. टोकियोच्या सुशीवाल्यांनी तोड काढली : आम्ही हॉटेल चालवत नाही, आम्ही फक्त करून देतो. गिऱ्हाइकानं घरून सुमारे १५० ग्रॅम तांदूळ आणायचा, करणावळ द्यायची आणि सुशीचे १० नग न्यायचे. गिरणीत दळण नेतो तसंच. मासा मिळेना तेव्हा काकडी, अळंबी, कानप्यो भरून भागवलं. आपल्याकडच्या वयस्क बायांना १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि रेशनची लाल ज्वारी आठवेल. टंचाईत पहिली आठवण येते ती बायांच्या हातच्या हिकमतीची, आणि बरे दिवस आले की पहिला विसर तिचाच पडतो. बायांचे हात गरम असतात, म्हणून त्यांना सुशी जमत नाही, असं जपानच्या दुकानांत कितीतरी वर्षं सांगितलं गेलं. घरात मात्र सणाची सुशी त्याच हातांनी होत होती.

आता आजचा काळ. या वेळी भात निघाला तो टंचाईनं नव्हे, भरपूर मिळतो म्हणून. २०१७ साली 'कुरा सुशी' या जपानी दुकानसाखळीनं भाताऐवजी व्हिनेगरमध्ये मुरवलेला मुळा घालून सुशी विकायला काढली. बाकी जगात फ्लॉवर चालला. फ्लॉवर आपल्याकडं १८२२ साली इंग्रजांनी सहारनपूरच्या बागेत आणला, आणि आज तो आपल्या रानातला झाला आहे. शंभर ग्रॅम शिजलेल्या पांढऱ्या भातात साधारण २८ ग्रॅम पिष्ट असतं, तेवढ्याच फ्लॉवरमध्ये ५ ग्रॅमच्या आसपास. आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली छापलेल्या अभ्यासात आलं आहे. त्यामुळं हा फरक आपल्याही घरचा आहे.

करायचं कसं ते सांगतो. अर्धा किलो फ्लॉवरचे तुरे मीठ-हळदीच्या गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा, अळ्या निघतील. कोरडे करून किसा. किस फडक्यात घट्ट पिळा. सगळी मेख इथंच आहे, पाणी राहिलं तर गुंडाळी सुटते. तेल न घालता कढईत पाच-सहा मिनिटं परता, गार करा. फ्लॉवरला भाताचा चिकटपणा नाही, म्हणून त्यात १०० ग्रॅम कुस्करलेलं पनीर किंवा घट्ट चक्का मळा. एक चमचा व्हिनेगर किंवा लिंबू आणि चवीपुरतं मीठ घाला. नोरी मिळाली तर उत्तम. नाहीतर कोबीचं पान उकळत्या पाण्यातून काढून, पुसून, देठ सपाट करून घ्या. पानावर पातळ थर पसरा, कडेला दोन बोटं जागा सोडा. मधे काकडी, गाजर आणि भाजलेल्या तिळाची ओळ, आणि स्वच्छ फडक्याच्या आधारानं दाबत गुंडाळा. अर्धा तास गार ठेवून ओल्या सुरीनं कापा. तीन गुंडाळ्या होतात. त्याच दिवशी खाऊन संपवा. कच्चा मासा घरी घालू नका.

पण दोन गोष्टी नीट ऐका. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात-भाकरी एकदम कमी करू नका. साखर अचानक उतरते, चक्कर येते. आणि उपासाची भगर भाताच्या जागी येते खरी, पण पिष्ट तिच्यातही भरपूर आहे. तिला भाताचा पथ्याचा पर्याय समजू नका.

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. दिवसभर खुरपणी करणारी, अंगात रक्त कमी असलेली, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई. तिच्या ताटातला भात काढायचा नाही, त्याच्या शेजारी डाळ, पालेभाजी, अंडं वाढायचं आहे. उवाजिमाच्या बाईनं तांदूळ सोडला तो मिळत नव्हता म्हणून. शहरातला माणूस आज सोडतो तो जास्त झाला म्हणून. आपल्या ताटात काय कमी आहे आणि काय जास्त, हे आपलं आपण बघून ठरवायचं, व्हिडिओ बघून नव्हे.

पुढच्या बैठकीला जमलं तर एक फ्लॉवर घेऊन या आणि करून बघा. सोबत घरात कोण काय जेवतं आणि सगळ्यांत शेवटी कोण जेवतं, यावरही बोला. कसं झालं ते आपल्या केंद्रावर कळवा. तोवर नमस्कार.