‘सिव्हिलायझेशन ४’ : आधी वसवलेल्या नगरांची उशिरा येणारी किंमत

फिरॅक्सिस या अमेरिकी कंपनीने २००५ मध्ये आणलेल्या या संगणकीय खेळाचे मुख्य रचनाकार सोरेन जॉन्सन. इ.स.पू. ४००० पासून पाळीपाळीने संस्कृती उभारत न्यायची, असे त्याचे स्वरूप. नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे रिकामी जमीन दिसली की नगर वसवणे. येथे प्रत्येक नगराचा देखभालखर्च नगरांच्या संख्येबरोबर आणि राजधानीपासूनच्या अंतराबरोबर वाढतो. शिवाय वसाहतकार तयार होत असेतो त्या नगराची लोकसंख्या वाढतच नाही. खजिना आटला की संशोधनाचा वाटा घटवावा लागतो, आणि शेजारी राजा बंदुका घेऊन सीमेवर येतो तेव्हा खेळाडूपाशी अजून धनुर्धारीच असतात. पराभवाचे खापर सैन्यावर फुटते. चूक मात्र कित्येक पाळ्या मागची. म्हणून जाणते खेळाडू शेवटची लढाई पुन्हा लढत बसत नाहीत. ते जतन केलेला जुना डाव उघडून संशोधनाचा वाटा प्रथम केव्हा घसरला, ते शोधतात. उपाय खेळातच आहेत. झोपडीच्या जागेवर नागरिक सतत राबता ठेवल्यास सामान्य गतीच्या डावात ७० पाळ्यांत तिचे भरभराटीचे गाव होते. न्यायालय देखभालखर्च निम्म्यावर आणते. पण ते उभारण्यासाठी आधी विधिसंहितेचे संशोधन हवे, आणि तेच तर पैशाअभावी रखडलेले असते.