गुराख्याचं प्रमाणपत्र

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजापुढे येणाऱ्या तंट्यांचे अठरा प्रकार दिले आहेत. कर्जफेड, ठेव, भागीदारी, हद्दीचे वाद, चोरी, मारामारी अशा या यादीत ‘स्वामिपालविवाद’ नावाचाही एक प्रकार आहे. स्वामी म्हणजे जनावराचा मालक आणि पाल म्हणजे ते राखणारा. त्या ग्रंथाशी आपलं भांडण वेगळंच आहे आणि ते मिटलेलं नाही. तरीही या नोंदीपाशी मी थांबलो, कारण सध्या मी स्वतःच एक स्वामी आहे आणि पाल शोधतो आहे.

आमची कुत्री तेरा वर्षांची आहे. तिला फिट येतात, त्यामुळे दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी गोळी द्यावी लागते. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्हां दोघांना सहा आठवडे परदेशी जायचं आहे. पुण्यात चौकशी केली तेव्हा निवड दोन माणसांवर आली. एका तरुणाने ऑनलाइन कोर्स केलेला, प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं. दुसऱ्या आमच्याच गल्लीतल्या मावशी. पंधराएक वर्षं लोकांची कुत्री-मांजरं सांभाळतात, कागद कसलाच नाही. बायको म्हणाली, कागदवाला बरा. मला ठरवता येईना. मग दुसऱ्याच्या ताब्यात जनावर देण्याचा हा प्रश्न लोकांनी पूर्वी कसा सोडवला, ते वाचत गेलो.

प्रश्न फार जुना आहे. इ.स.पू. १७५०च्या सुमाराच्या हम्मुराबीच्या संहितेत मेंढपाळांसाठी कलमं आहेत. खुणा बदलून मेंढ्या परस्पर विकल्या, तर दहापट भरपाई. कळपावर दैवी आपत्ती कोसळली किंवा सिंहाने जनावर मारलं, तर मेंढपाळाने देवापुढे आपलं निर्दोषत्व सांगायचं आणि नुकसान मालकाने सोसायचं. पण हयगयीने रोग पसरला, तर भरपाई मेंढपाळाची.

मनुस्मृतीतले नियम याच वळणाचे, पण अधिक बारीक आहेत. दिवसाची जबाबदारी राखणाऱ्याची. रात्री जनावर मालकाच्या गोठ्यात असेल तर मालकाची. लक्ष न दिल्यामुळे जनावर हरवलं, कुत्र्यांनी मारलं किंवा खड्ड्यात पडून मेलं, तर भरपाई द्यायची. चोरांनी उघडउघड लुटून नेलं आणि गुराख्याने वेळेवर मालकाला कळवलं, तर तो सुटला. लांडगा आला आणि गुराखी धावलाच नाही तर दोष त्याचा. लांडग्याने अवचित झडप घातली तर नाही. जनावर मेलंच, तर कान, कातडं, शेपूट मालकाला आणून दाखवायचं. याज्ञवल्क्यस्मृती तर सगळं एका सूत्रात बसवते: सकाळी जशी ताब्यात घेतली तशी गुरं संध्याकाळी परत करायची.

या नियमांत एक गोष्ट कुठेच नाही. राखणारा काय शिकला आहे, कुणाच्या हाताखाली तयार झाला आहे, हे कुणी विचारत नाही. मोजदाद, कळवणं, पुरावा, आणि कुठल्या वेळी कोण जबाबदार, एवढंच विचारलं जातं.

सगळ्यात चतुर विचार मला अर्थशास्त्रातल्या गोध्यक्षाच्या प्रकरणात सापडला. (र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीमुळे हा ग्रंथ नीट वाचता येतो.) गुराखी, म्हशी राखणारा, धार काढणारा, ताक घुसळणारा आणि शिकारी यांनी शंभर-शंभर दुभत्या गाई सांभाळाव्यात आणि त्यांना वेतन रोखीत द्यावं, असं कौटिल्य सांगतो. रोखीत का? कारण मोबदला दूध-तुपात दिला, तर ही माणसं वासरांना उपाशी ठेवतील. माणूस चांगला की वाईट या चर्चेत तो पडतच नाही. मोबदला असा ठरव की राखणाऱ्याचा फायदा आणि जनावराचं हित एकमेकांविरुद्ध उभे राहणार नाहीत, एवढंच सांगतो. कुत्र्यामागे अमुक रुपये घेणारा माणूस एका वेळी किती कुत्री ठेवतो, हा आजचा प्रश्न मूळचा कौटिल्याचाच.

मग प्रमाणपत्र आलं कुठून? जनावरांच्या बाबतीत ते आलं रोगराईतून. अठराव्या शतकात बुळकांडीने युरोपातली गुरं पटापट मरत होती. त्या काळात, १७६१मध्ये, क्लोद बुर्जला यांना फ्रान्समध्ये लिऑनला पशुवैद्यकाची शाळा काढायची परवानगी मिळाली. आपल्याकडे १८८६मध्ये परळला मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आज पशुवैद्याची नोंदणी १९८४च्या कायद्याखाली होते. ते योग्यच आहे. निदान आणि औषध ही विद्या आहे, मालकाला ती डोळ्यांनी पारखता येत नाही, आणि तिची परीक्षा घेता येते.

पेट सिटरचं प्रमाणपत्र या कुळातलं नाही. अमेरिकेत पॅटी मोरन यांनी १९९४मध्ये ‘पेट सिटर्स इंटरनॅशनल’ ही संघटना काढली. ती परीक्षा घेते, प्रमाणपत्रही देते. पण ते एका खासगी संघटनेचं प्रशस्तिपत्र आहे, सरकारी परवाना नव्हे. इंग्लंडमध्ये १९६३पासून प्राणी ठेवून घेणाऱ्या जागांना स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो. तिथे तपासली जाते ती मुख्यतः जागा आणि तिथली व्यवस्था. प्रथमोपचार, औषध देण्याची पद्धत, फिट किती वेळ चालली की दवाखाना गाठायचा, हे शिकवता येतं आणि तपासताही येतं. तेवढ्यापुरतं प्रमाणपत्र कामाचं आहे. दार बंद झाल्यावर माणूस कसा वागतो, हे कुठल्याही परीक्षेत येत नाही.

गावात त्याची गरज पडत नसे, कारण गुराखी सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच वाढलेला असे. पण या ओळखीची किंमत कोण मोजत होतं? गुरं राखायला बहुधा गरिबाघरचं पोर असे. वासरू हरवलं तर मालक म्हणेल ते खरं. कातडं-शेपूट दाखवण्याचा नियम मी आधी मालकाच्या बाजूने वाचला होता. त्याची दुसरी बाजू मावशींनी दाखवली. मी दहा प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी एकच विचारला, “काका, म्हातारं जनावर आहे. माझ्याकडे असताना गेलं, तर तुम्ही काय म्हणाल?”

हम्मुराबीपासून चालत आलेला प्रश्न तो हाच. जनावर मेलं म्हणजे राखणाऱ्याचा गुन्हा झाला असं होत नाही, हे प्रत्येक संहितेला लिहून ठेवावं लागलं, कारण लिहिलं नसतं तर दोष कमकुवत माणसाच्या माथी आला असता. प्रमाणपत्र मालकाला धीर देतं. राखणाऱ्याला ते कसलंच संरक्षण देत नाही.

त्यामुळे आम्ही मावशींना निवडलं आणि कागद आम्हीच केला. तो वाचून बायकोचीही हरकत उरली नाही. कुत्रीचं आजचं वजन आणि तब्येत डॉक्टरांकडून लिहून घेतली. डॉक्टरांनी मावशींना गोळी कशी द्यायची आणि फिट आली तर काय करायचं, हे समोर करून दाखवलं. एका वेळी तीनपेक्षा जास्त जनावरं घेणार नाही, असं त्यांनी सांगितलं. ते शक्य व्हावं म्हणून त्यांच्या नेहमीच्या दरापेक्षा जास्त रक्कम ठरवली. रोज संध्याकाळी एक फोटो यायचा. उपचाराचे पैसे डॉक्टरांकडे आगाऊ ठेवले आणि आमचा फोन लागला नाही तर निर्णय डॉक्टरांचा, असं लिहून दिलं. शेवटच्या ओळीत लिहिलं आहे की वयाने किंवा आजाराने ती गेली, तर मावशींवर कसलीही जबाबदारी नाही. त्या ओळीखाली मालक म्हणून आम्ही दोघांनी सह्या केल्या.