एलएमपी, एमबीबीएस आणि पोलादपूरचा भाचा

मागच्या शनिवारी पोलादपूरहून ताईचा फोन. भाच्याचे नीटचे मार्क एमबीबीएसला कमी पडतायत, बीएएमएस मिळेल. मग आणखी एक वर्ष घालवायचं का? "तू शिकलेला, सांग काहीतरी." आता मला येतं जावा, हे कुठे येतं? म्हटलं, निदान इतिहास तरी चाळू.

तर मंडळी, प्रश्न जुनाच आहे. इंग्रजांच्या काळात डॉक्टरीला दोन दारं होती. एमबीबीएसला आधी इंटर सायन्स, मग कॉलेजची पाच वर्षं. एलएमपीला मॅट्रिक पुरे आणि कोर्स चार वर्षांचा. पुण्याचं बी. जे. हे १८७८ पासून असलंच 'मेडिकल स्कूल' होतं, कॉलेज झालं १९४६ मध्ये. त्याच वर्षी भोर समितीचा अहवाल आला. नोंदणीकृत डॉक्टर ४७,५२४, त्यातले २९,८७० लायसेन्शिएट. म्हणजे पाचांतले तीन 'सोप्या' दारातून आलेले! तरी बहुमत म्हणालं, पैसा थोडा आहे, तो एकाच पूर्ण शिकलेल्या डॉक्टरवर खर्च करा. काही सदस्यांचं मत वेगळं होतं, पण एलएमपी बंद झालं.

गंमत म्हणजे अमेरिकेत १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठाने नौदलातल्या वैद्यकीय सहाय्यकांना घेऊन फिजिशियन असिस्टंटचा कोर्स काढला. असंच एक छोटं दार, फक्त डॉक्टरच्या देखरेखीखालचं.

मग बहुमत चुकलं का? महाडकडे बघितलं तर तसं म्हणवत नाही. नागपूरहून एमबीबीएस झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावून माणसं फुप्फुसात पाणी होऊन मरत होती. त्यांनी रात्र रात्र पेशंटजवळ बसून टिपणं काढली, लॅन्सेटमध्ये लिहिलं, आणि रक्तदाबाची प्राझोसिन ही गोळी उपयोगी पडते हे दाखवलं. गंभीर पेशंटमधला मृत्यूदर सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यावर आला. हे शोधायला पूर्ण शिक्षण लागलं, पण खेड्यात टिकून राहणंही लागलं. ते कुठल्याच प्रवेश परीक्षेत मोजत नाहीत.

ताईला एवढंच म्हटलं, बीएएमएस म्हणजे धाकटं एमबीबीएस नव्हे. तो वेगळा अभ्यास आहे, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा. त्याला आयुर्वेद शिकायचाय का? असेल तर थांबू नका. नसेल तर वर्ष गेलेलं परवडलं.

ताई जरा गप्प झाली. मग म्हणाली, "हे त्याला विचारलंच नाही रे कोणी."

असो. आज संध्याकाळी ती विचारणार आहे.