मोरचुदाचं दुसरं नाव

छाटणीनंतर पाऊस आला की आमच्या द्राक्षबागेत बोर्डोची फवारणी ठरलेली. मोरचूद आणि चुना. मोरचूद भिजवायला बाबा प्लॅस्टिकचा ड्रमच घ्यायचे. लोखंडाची बादली कुणी आणलीच तर ओरडा बसायचा. आठवीत शाळेच्या प्रयोगशाळेत तेच निळे खडे एका बाटलीत दिसले. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘कॉपर सल्फेट’. मला वाटलं, एक घरचं नाव आणि एक शाळेचं. एवढाच फरक.

हा फरक मोठा आहे. तो कळण्यासाठी अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये जावं लागतं.

तेव्हा रसायनांची नावं अशी होती: शिशाची साखर, अँटिमनीचं लोणी, जस्ताची फुलं. शिशाची साखर खरोखर गोड लागते, पण ती विष आहे. नावावरून रंग कळे, चव कळे, पण पदार्थ कशाचा बनलाय हे कळत नसे. आपल्याकडेही मोरचूद निळं आणि हिराकस हिरवट. दोघं एकाच घराण्यातले आहेत, हे त्या नावांत कुठे आहे?

दिजोंमधल्या गितों द मोर्वो या वकिलाने १७८२ मध्ये नावं बदलायचा प्रस्ताव मांडला. पुढे लव्हाझिए, बेर्तोले आणि फुर्क्रुआ यांच्यासोबत त्याने १७८७ मध्ये पॅरिसमध्ये रासायनिक नामकरणाचं पुस्तक काढलं. नियम साधा होता: मूलद्रव्याला एक नाव, आणि संयुगाचं नाव त्याच्या घटकांवरून. सल्फाइडमध्ये ऑक्सिजन नाही, सल्फाइटमध्ये आहे, सल्फेटमध्ये त्याहून जास्त. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. नातं आता आडनावासारखं समोर दिसतं.

पण याच यादीत एक चूक होती. लव्हाझिएला खात्री होती की प्रत्येक आम्लात एक विशिष्ट वायू असतोच. म्हणून ग्रीक शब्दांवरून त्याने त्याचं नाव ठेवलं ऑक्सिजन, म्हणजे आम्ल निर्माण करणारा. त्याआधी याच वायूला ‘जीवनदायी हवा’ही म्हणत. आपला प्राणवायू त्याच अर्थाचा.

१८१० मध्ये लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीने एका हिरवट-पिवळ्या वायूबद्दल निष्कर्ष जाहीर केला. या वायूत ऑक्सिजन आहे असं सगळे मानत होते. काही केल्या तो निघेना. शेवटी डेव्ही म्हणाला, हे मूलद्रव्यच आहे. रंगावरून त्याने नाव दिलं क्लोरीन. म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात फक्त हायड्रोजन आणि क्लोरीन, ऑक्सिजनचा कणही नाही. लव्हाझिएला हे कळणं शक्य नव्हतं. करवसुलीच्या कंपनीतल्या भागीदारीपायी १७९४ मध्येच त्याचा शिरच्छेद झाला होता.

मग नाव का बदललं नाही? मी रोज कोड लिहितो, त्यामुळे याचं नवल वाटत नाही. आमच्याकडेही एखाद्या फंक्शनचं नाव चुकीचं निघतं, पण तोवर शेकडो ठिकाणी ते वापरलेलं असतं. ऑक्साइडपासून पुढची कितीतरी नावं ऑक्सिजनवर उभी होती.

नियम मात्र दुरुस्त होत राहिला. लोखंडाची संयुगं दोन प्रकारची, फेरस आणि फेरिक. कुठलं कोणतं, हे घोकावं लागे. १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन सापडला, पुढे अणूची रचना उलगडली, आणि लोखंडाने किती इलेक्ट्रॉन गमावले असं धरायचं ते आकड्यात सांगता येऊ लागलं. आज फेरसला आयर्न म्हणून पुढे कंसात रोमन दोन लिहितात, फेरिकला तीन.

अकरावीत ही सगळी नावं मी मार्कांसाठी पाठ केली. त्यातलं प्रत्येक नाव म्हणजे कुणीतरी केलेलं विधान आहे, ते तपासता येतं आणि कधी चुकीचंही निघतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बादलीचं कोडंही तेव्हाच सुटलं असतं. कॉपर सल्फेटमधलं तांबं लोखंडावर जाऊन बसतं आणि लोखंड द्रावणात उतरतं, म्हणजे बादलीतच थोडं हिराकस तयार होतं. बाबांना हे अनुभवाने ठाऊक होतं. ‘मोरचूद’ या नावातून ते कळत नाही, ‘कॉपर सल्फेट’मधून कळू शकतं.